विषय: मागच्या चाकाचा आवाज

ती. दादांना,

कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (पूर्वी याहून खाली वाकता यायचं. आता का येत नाही ते पुढे सविस्तर येईलच.) मी इकडे ठीक आहे, तुम्ही तिकडे ठीक असाल आणि मुख्य म्हणजे तुमचा पाय ठीक असेल, अशी आशा नव्हे, खात्री बाळगून लिहायला बसलो आहे. पायाची चौकशी मुद्दाम आधी करतोय, कारण तो पाय आता एकट्या तुमचा राहिलेला नाही, आपल्या दोन्ही घरांचा प्रश्न झाला आहे. प्लॅस्टर निघून सात आठवडे झाले, हे मला तुमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून फोनवर समजलं. (मी काही मुद्दाम फोन केला नव्हता. म्हणजे केला होता, पण सहज.) त्यानं असंही सांगितलं की तुम्ही रोज सकाळी बागेला दोन फेऱ्या मारता आणि परवा जिना चढून गच्चीवरही गेला होतात. ऐकून इतका आनंद झाला म्हणून सांगू! सत्तरी उलटल्यावर हाड असं जुळतं म्हणजे नशीबच म्हणायचं. तेव्हा फक्त एवढंच विचारायचं आहे, की जो माणूस गच्चीवर जाऊ शकतो, त्याला पाण्याचा पेला हातात आणून द्यायला अजून कोणी लागतं का?

रागावू नका. तुमची बहीण तुमच्याकडे पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, त्याला आज चार महिने अकरा दिवस झाले. मी मोजत नाही. पण भिंतीवरचं कॅलेंडर नेमकं जेवायच्या टेबलासमोर आहे, आणि समोर बोलायला कोणी नसलं की माणूस कॅलेंडर वाचतो. दर रविवारी तिचा फोन येतो. गॅस आला का, गोळ्या घेतल्या का, कुंड्यांना पाणी घातलं का, एवढं विचारते आणि ठेवून देते. 'कधी येतेस?' असं मी विचारत नाही, कारण विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. ती सांगत नाही, कारण मी विचारत नाही. असा आमचा संवाद उत्तम चालला आहे.

ती तुमच्याकडे काय सांगून आली मला ठाऊक नाही. बहुतेक काहीच सांगितलं नसेल. तुमचा फोन आला की तुम्ही घड्याळाला चावी द्यायला स्टुलावर चढलात आणि स्टुलासकट खाली आलात, आणि तासाभरात तिची बॅग भरून तयार. इतकी झटपट बॅग तिनं आयुष्यात कधी भरली नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मला शंका उशिरा येते, हे माझ्या साहेबांनीसुद्धा निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं. तर आता मीच सगळं सांगतो, म्हणजे निदान माझी बाजू माझ्याच तोंडून तुमच्या कानावर पडेल.

आमची गाडी तुम्हाला माहीत आहे. ('या वयात मोटारसायकल?' असं विचारणारे तुम्ही पहिले होतात.) लांबच्या प्रवासाची, म्हशीएवढी जड, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे पाठ टेकायला गादी. आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो आणि तेव्हापासून नऊ वर्षं तिच्यावरून हिंडलो. मी चालवायची आणि तुमच्या बहिणीनं बोलायचं, अशी कामाची वाटणी होती. फाटकातून गाडी बाहेर पडली की ती सुरू व्हायची, ती मुक्कामाला हेल्मेट काढेपर्यंत. रस्त्यातली झाडं, दुकानांवरच्या पाट्या, शेजारच्यांची सून, साठ वर्षांपूर्वी तुम्ही तिची पाटी फोडलीत ती, सगळं यायचं त्यात. हेल्मेटमुळे मला निम्मं ऐकू यायचं नाही. उरलेल्या निम्म्याला मी मान हलवायचो. संसार करायचं याहून सोपं तंत्र मला तरी सापडलेलं नाही.

गेल्या वर्षभर त्या बोलण्यात एक नवीन वाक्य यायला लागलं. 'अहो, मागून आवाज येतोय.' कसला आवाज? तर म्हणे बारीक घूंऽऽ असा, वेग वाढला की चढतो आणि उजव्या वळणावर थोडा बदलतो. मी म्हटलं, रस्ता खराब आहे. मग म्हटलं, टायर जुना झालाय. टायर बदलला, तरी तिचं आपलं चालूच, अहो आवाज येतोय. 'बेअरिंग गेलंय मागचं,' ती म्हणाली. आता दादा, ती सव्वीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात काय करत होती हे तुम्हाला सांगायला नको. पण मला मात्र ते त्या वेळी कोणीतरी सांगायला हवं होतं. चारी भिंतींना जाड कापूस ठोकलेल्या त्या खोलीत बसून दिवसाला तीनशे पंखे ऐकायचे. एक एक पंखा लावायचा, डोळे मिटायचे, आणि खडूनं बरोबर नाहीतर फुली. बेअरिंगमधली एक गोळी जरा खडबडीत असली तरी तिला कळायची. तिनं फुली मारलेला पंखा पुढे सरकवायची मॅनेजरचीसुद्धा टाप नव्हती. आणि मी कोण? मी नकाशे काढणारा. सबंध आयुष्य कागदावर रेघा मारल्या. कागदाला आवाज नसतो.

असं असून मी तिला काय म्हणालो ते लिहितो. गेल्या प्रवासात, परतीच्या वाटेवर, घाटाखालच्या पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो होतो. बाजूला चार अनोळखी मोटारसायकलवाले उभे होते. त्यांच्यादेखत तिनं मला सांगितलं, 'आता घाट चढू नका, चाक सोडवून बघा आधी.' मला लाज वाटली. कशाची, ते आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, 'सव्वीस वर्षं पंख्यांपुढे बसून तुला आता गाडीसुद्धा पंखाच वाटायला लागली की काय? मागे बसायचं काम आहे, गप्प बसावं.' ते चौघं हसले. मीही हसलो. (हे शेवटचं वाक्य लिहू की नको म्हणून मी दहा मिनिटं पेन धरून बसलो होतो.)

ती गप्प बसली. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण माझं म्हणणं तिनं इतकं तंतोतंत ऐकल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. तिथून घर एकशे चाळीस किलोमीटर. एक शब्द नाही. आणि दादा, त्या एकशे चाळीस किलोमीटरांत मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. घूंऽऽ. वेग वाढला की चढणारा. उजव्या वळणावर थोडा बदलणारा. वर्षभर तो तिच्या बोलण्याखाली दडून बसला होता. मी ऐकला, आणि घरी पोचल्यावर तिला सांगितलं नाही. दोन दिवसांनी तुम्ही स्टुलावर चढलात.

ती गेल्यावर मी ठरवलं, की आपण स्वतःच्या हातानं चाकाचं बेअरिंग बदलायचं, आणि ती आली की तिला मागे बसवून एक चक्कर मारायची आणि म्हणायचं, 'कुठाय आवाज? दाखव बघू!' म्हणजे आवाज कधी नव्हताच असं होईल आणि माझी मान ताठची ताठ राहील. किती नीच विचार आहे हे आता लिहिताना कळतंय. तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला होता.

पण त्याआधी मी एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, न जाणो, आवाज कानातच असला तर चाक सोडवायचे कष्ट वाचतील. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला मोठी झाकणं लावली आणि म्हणाले, आवाज आला की बटण दाबा. मी बराच वेळ वाट पाहिली. आवाज येईना म्हणून दार उघडून विचारलं की सुरू केव्हा करताय, तर तपासणी संपलेली. बारीक, उंच पट्टीतले आवाज तुम्हाला येतच नाहीत, ते म्हणाले, घरच्यांनी कधी सांगितलं नाही? मी म्हटलं, सांगितलं असेल, ऐकू आलं नसेल. गाडीच्या आवाजाचं सांगितल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, तुम्हालासुद्धा ऐकू येतोय म्हणजे तो बराच मोठा झाला असणार, त्या गाडीवर बसू नका.

मग काय, गाडी डबल स्टँडवर घेतली. (कमरेची पहिली तक्रार इथली.) चाक एका हातानं वरून, एका हातानं खालून धरून हलवलं, तर कटकट हललं. असं ते अजिबात हलायला नको. हळूच फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं खरखरलं. म्हणजे तुमच्या बहिणीचं खरं होतं. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहत नव्हतं, आणि चाक सोडवून वर घरात आणलं. घरात ते टेकवायला जागा एकच होती, तिची खुर्ची. तिथं टेकवलं. रात्रंदिवस चाक समोर, तेव्हा त्याच्याशी दोन शब्द बोलणं झालं असेल तर त्यात वेड लागल्यासारखं काही नाही.

आता चाकाचं पोट कसं असतं ते थोडक्यात सांगतो. मधोमध जो जाड गोल भाग, त्याला हब म्हणतात. त्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक बेअरिंग ठोकून बसवलेलं असतं, आणि दोघांच्या मध्ये एक लोखंडी नळी असते. वीतभरसुद्धा नाही, दिसायला अगदी फालतू. काम एवढंच, की एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट आवळला की दोन्ही बेअरिंगं एकमेकांवर चालून जाऊ नयेत, त्यांच्यात ठरलेलं अंतर राहावं. ती नळी जरा बाजूला सारून, आतून पंच, म्हणजे बोथट टोकाची पोलादी कांडी, लावून, जुनं बेअरिंग ठोकून बाहेर काढायचं असतं. मला त्यासाठी तीन दिवस लागले. पहिले दोन दिवस मी पंच चुकीच्या जागी लावून ठोकत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदाचं ते ठण्णकन फरशीवर पडलं. मी 'निघालं गं!' म्हणून ओरडलो.

माणूस आपल्या सवयीवर जातो. सगळे भाग सुटे झाल्यावर मी आधी हात धुतले, टेबलावर कागद पसरला आणि चाकाच्या पोटाचा पूर्ण मापाचा नकाशा काढला. असा नकाशा मी नोकरीतही काढला नव्हता, दादा. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, सगळं कसं छापल्यासारखं. उजव्या कोपऱ्यात भागांची यादी, एक ते नऊ, माझ्या ठेवणीतल्या अक्षरात. पंख्यानं कागद उडत होता म्हणून हाताला लागेल ते वजन त्या कोपऱ्यावर ठेवलं. हाताला लागली ती नळी. ती उभी केली.

नवीन बेअरिंगं बसवायची युक्ती अशी, की बेअरिंग गार करायचं म्हणजे ते आकसतं, हब तापवायचा म्हणजे तो पसरतो, आणि मग एकात दुसरं अलगद उतरतं. बेअरिंगं मी फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी डब्यात ठेवली आणि डब्यावर चिठ्ठी लावली, 'भाग क्र. ३ व ७. खाऊ नये.' चिठ्ठी लावून झाल्यावर मनात आलं, ही वाचणार कोण? पण काढली नाही, अजून तिथंच आहे. हब तापवायला मी तुमच्या बहिणीचं केस वाळवायचं यंत्र घेतलं. पाऊण तास धरल्यावर हब कोमट झाला आणि यंत्रातून धूर आला. मग तिची शेकायची रबरी पिशवी उकळत्या पाण्यानं भरून हबला बांधली, वरून टॉवेल गुंडाळला आणि चाकाला चांगला तासभर शेक दिला. (मी स्वतः आजारी पडलो असतो तर माझी इतकी सेवा कोणी केली नसती, कारण करणारं माणूस तुमच्याकडे होतं.)

मग यादी बघून एकेक भाग बसवत गेलो. एक, दोन, तीन, चार, सहा, सात. हातोडी आवाज बदलेपर्यंत मारायची असते. बेअरिंग तळाला टेकलं की ठकठकचा आवाज वेगळा, भरीव येतो म्हणतात. मला काही वेगळा आला नाही, म्हणून मी आणखी आठदहा ठोके घातले. दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई. मला वाटलं, आता तक्रार. तर त्या आत डोकावून म्हणाल्या, 'घरातून आवाज आला, मला वाटलं वहिनी आल्या.' मी म्हटलं, येताहेत गुरुवारी. का म्हटलं देव जाणे, तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून तीन गुरुवार गेले. दर शुक्रवारी मी त्यांच्या दारावरून चवड्यांवर चालत जातो. स्पेअर पार्ट्सच्या दुकानदाराला मी सांगितलंय की ती शिवणकामाचा कोर्स करायला गेली आहे, आणि आता कळतं की तो आपले पडदे याच शिंपीणबाईंकडे शिवायला टाकतो. दादा, खोटं बोलणं हे दोघांचं काम आहे, एकट्याला झेपत नाही.

तर चाक बसवलं. नट पुस्तिकेत दिलेल्या जोरानं आवळला, कमी नाही, जास्त नाही. चाक हातानं फिरवलं तर जड फिरलं. मला इतका अभिमान वाटला! म्हटलं, वा, याला म्हणतात घट्ट काम, तसूभर हलत नाही. गाडी काढली. एक किलोमीटर गेलो, दोन गेलो, आवाज नाही. तिसऱ्याला मागून कोणीतरी ओढल्यासारखं वाटायला लागलं. पाचव्याला जळका वास. सहाव्याला लाकडाच्या वखारीसमोर चाकानं अशी किंकाळी फोडली की वखारीतली माणसं बाहेर आली. (ती किंकाळी मला स्पष्ट ऐकू आली, डॉक्टरांना कळवणार आहे.) चाक जाम. तिथून आमच्या नेहमीच्या लेथवाल्याचं, म्हणजे लोखंडी भाग कातून देणाऱ्याचं, वर्कशॉप दीड किलोमीटर. चाक दहा पावलं सरकायचं, अडायचं, परत सरकायचं. मी ढकलत गेलो. वाकता का येत नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

लेथवाल्यानं चाक काढलं, बेअरिंगं निळी पडलेली पाहिली, हबमध्ये बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. 'मधली नळी कुठाय?' मी म्हटलं, असं कसं, नकाशात सगळं आहे, आणि पिशवीतून नकाशा काढून त्याच्या टेबलावर पसरला. बरोबर नेला होता मी, दाखवायला. कोपऱ्यातल्या यादीवर, नेमका पाचव्या ओळीवर, ग्रीसचा गोल डाग होता. नळी तिथं पंधरा दिवस उभी होती. म्हणजे 'भाग क्र. ५, नळी' ही ओळ नळीनंच झाकली होती, आणि मी ती समोर ठेवून, चारानंतर सहा वाचत, चाक जोडून मोकळा झालो होतो. त्यानं नकाशा यादीसकट शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, 'साहेब, नकाशा एक नंबर आहे. पण नळी चाकात पाहिजे.'

एवढ्यावर थांबता तर बरं. पण तो म्हणाला, 'ताई कुठायत? त्यांना ऐकवायचं होतंत की आधी.' तुम्हाला ठाऊक नसेल, तीन वर्षांपूर्वी ती माझ्याबरोबर त्याच्याकडे आली होती आणि दारात उभ्या उभ्या म्हणाली होती, 'भाऊ, तुमच्या लेथच्या मोटरचं डावं बेअरिंग बघून घ्या.' तो हसला नव्हता. त्यानं त्याच दिवशी मोटर उघडली, आणि बेअरिंग खरंच फुटायला आलं होतं. तेव्हापासून तो तिला मानतो. एका वाक्यात पटलं त्याला! मला एक वर्ष, एक टायर, एक घाट, एक डॉक्टर आणि बेअरिंगचा एक अख्खा सेट लागला. मी त्याला सांगितलं, ताई भावाकडे आहेत, त्यांचा पाय मोडलाय. त्यानं विचारलं, 'कुणाचा, ताईंचा?' मी म्हटलं, नाही, भावाचा. 'मग आता बरा असेल की,' तो म्हणाला. मी नकाशाची घडी घातली.

दुसरा सेट आणला. या वेळी घरी नळी हबमध्ये टाकून, वर दुसरं बेअरिंग बसवेपर्यंत मी श्वास घेतला नाही. नट आवळला, चाक फिरवलं, तर ते फिरतच राहिलं. मी खुर्चीवर बसून बघत होतो, थांबेपर्यंत. गाडीवर घालून वखारीच्या पुढे, नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन आलो. कटकट नाही, खरखर नाही, ओढणं नाही. येताना माझ्या लक्षात आलं की मी मान हलवतोय. मागे कोणी नाही, कोणी काही बोलत नाही, आणि मी आपला दर थोड्या वेळानं हो हो करतोय. मी गाडी कडेला घेतली. मला फार एकटं वाटलं, दादा. तुम्ही लग्नच केलं नाहीत, तेव्हा घरात बोलणारं माणूस असलं की काय असतं ते तुम्हाला या चार महिन्यांत कळलं असेल. मला ते कळायला ते माणूस जावं लागलं.

असो. मुद्दा असा, की काम पूर्ण झालं आहे, पण शास्त्रोक्त तपासणी बाकी आहे. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक हबला आणि मूठ कानाला लावून पाहिली, तर मला अजून काहीतरी बारीक ऐकू आल्यासारखं वाटतं. पण माझ्या कानांचा दाखला वर दिलाच आहे. तेव्हा, केवळ सुरक्षिततेच्या दृष्टीनं, तुमच्या बहिणीला दोन दिवस इकडे पाठवता आलं तर बघा. ऐकायचं आणि परत जायचं. आग्रह नाही. तुमच्या पायाची गैरसोय होणार असेल तर राहू द्या.

पायाला जपा, स्टूल कोणाला तरी देऊन टाका. सगळ्यांना (म्हणजे दोघांना) यथायोग्य.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका. तुम्ही दाखवणारच, तेव्हा निदान केस वाळवायच्या यंत्राचा मजकूर बोटानं झाका. नवीन आणलं आहे, पण रंग तोच मिळाला नाही.

दुसरा ता. क. वर जो बारीक आवाज लिहिला, तो खोटा आहे. लेथवाल्यानं परवा घरी येऊन चाक तपासलं, एकदम निर्मळ चालतंय म्हणाला. बोलवायला काहीतरी कारण हवं म्हणून मी तो आवाज घातला. आणि दोन दिवसांचंही खोटं आहे. तिनं कायमचं परत यावं. तुम्हाला एकटं वाटत असेल तर तुम्हीही या, बाहेरची खोली रिकामी आहे, घड्याळ मी खाली लावून देतो. मला तुमचं वाईट वाटतं, पण मला माझं जास्त वाटतं.

तिसरा ता. क. (हा पेन्सिलीनं आहे, पेन घरी राहिलं.) पोस्टात अख्खा जन्म काढलेल्या तुमच्यासारख्या माणसाच्या पहिल्यांदा हेच लक्षात आलं असेल की पाकिटावर तिकीट नाही. पत्र टाकायला गाडीवरून पेटीपर्यंत गेलो, मग पेटीवरून पुढे गेलो, मग तसाच पुढे आलो. तीनशे ऐंशी किलोमीटर. आता तुमच्या दारात जिन्यावर बसून लिहितोय. घंटीवर दोनदा बोट ठेवलं, दाबलं नाही. आतून तिचा आवाज येतोय. तुम्हाला काहीतरी सांगतेय आणि मध्येच हसतेय. चार महिन्यांत फोनवर ती एकदाही अशी हसली नाही. ती इथं सुखात आहे, हे मी येताना धरलंच नव्हतं. पाकीट दाराखालून सरकवून मी खाली फाटकाशी जाऊन उभा राहतो. माझ्या बायकोला म्हणावं, यायचं नसलं तरी चालेल, पण एकदा खिडकीत ये. मी चुकलो, हे मला तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं आहे. वरपर्यंत पोचायचं म्हणजे मोठ्यानं ओरडावं लागेल आणि गल्लीत बरीच माणसं आहेत. असू देत.